ताप उतरल्यावर

शरद टेंभेकर हा पेशंटला हात न लावणारा डॉक्टर होता. यात त्याचा काही दोष नव्हता, नोकरीच तशी होती. केंद्राच्या एका योजनेतून त्याची बनारसला नेमणूक झाली होती. जिल्ह्यात कुठे किती जणांना ताप आला, त्यातले किती डेंग्यूचे निघाले, कुठल्या मोहल्ल्यात डासांच्या अळ्या सापडल्या, हे सगळं गोळा करून रोज संध्याकाळी लखनौला कळवायचं, एवढंच त्याचं काम. वर्ध्याहून आई फोनवर विचारायची, "आज किती पेशंट पाहिलेस रे?" तो म्हणायचा, "दोनशे." आई खूश व्हायची. त्या दोनशेंपैकी एकाचंही तोंड आपण पाहिलेलं नाही, हे तो तिला सांगत बसत नसे.

आपल्याला हे जमतं याचा त्याला मनातून थोडा अभिमानही होता. वॉर्डात राबणारे त्याचे मित्र रडकुंडीला आलेले असत आणि हा मात्र शांत. एका माणसाचं दुःख बघून माणूस हलतो आणि हलला की चुकतो, असं त्याचं मत होतं. दोनशे माणसं एकदम बघितली की हलायला जागाच उरत नाही, असं तो चारचौघांत म्हणायचा, आणि लोकही माना डोलवायचे.

त्या वर्षी पाऊस ओसरला आणि डेंग्यूने शहरात पाय पसरले. सरकारी इस्पितळात एकेका खाटेवर दोघं दोघं झोपू लागली. शरदच्या ऑफिसातल्या भिंतीवर शहराचा नकाशा होता आणि त्यावर रोज तांबडे ठिपके वाढत होते. नवरात्र तोंडावर आलं तेव्हा दुर्गाघाट ते दूधविनायक एवढ्याशा पट्ट्यात ठिपक्यांची अशी दाटी झाली की खालच्या गल्ल्या दिसेनात. तिथे दोनदा धूर मारून झाला होता, नाल्यांत औषध टाकून झालं होतं, वर्तमानपत्रात फोटो छापून झाले होते. ताप काही जागचा हलत नव्हता.

रोग्यांची नावं वाचताना शरद एका दुपारी थबकला. मोघे, पावगी, द्रविड, गोरे. वर्ध्याच्या शाळेतल्या हजेरीत शोभतील अशी ही नावं. आसपासच्या गुजराती, बंगाली, हिंदी घरांतही तुरळक ताप होता, पण सुरुवात पिढ्यान्पिढ्या इथे राहणाऱ्या मराठी घरांतून झाली होती आणि मुक्कामही तिथेच पडला होता. आता डास काही भाषा विचारून चावत नाही. त्याने मलेरिया विभागाचे निरीक्षक दिनानाथ मौर्य यांना बोलावलं.

"सर, उससे साफ़ मोहल्ला पूरे बनारस में नहीं मिलेगा," दिनानाथ म्हणाले. "कूलर ख़ाली, टंकी ढकी हुई. बंदर ढक्कन फेंक देते हैं, तो ये लोग ऊपर से ईंट रख देते हैं."

"सगळ्या खोल्या बघितल्या?"

दिनानाथांना एवढं मराठी कळत होतं. "ठाकुरजी का कमरा छोड़के. वहाँ हमको कौन घुसने देगा?"

देवघरात डास कशाला कडमडेल, असं शरदलाही वाटलं. पण आपण मराठी, आपल्याला कुणी अडवायचं नाही, तेव्हा एकदा स्वतः जाऊन यावं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुर्गाघाटाकडे निघाला.

पहिलं घर मोघ्यांचं. तिथला पेशंट सगळ्यांत गंभीर होता. वेणीमाधव मोघे, वय तिशीच्या आसपास, शाळेत संस्कृत शिकवणारा, गल्लीतल्या गणेशोत्सवाची नाटकं बसवणारा, सगळ्यांच्या अडीअडचणीला धावणारा. तो मोठ्या इस्पितळात अतिदक्षता विभागात होता आणि मेव्हणा त्याच्यापाशी बसला होता. घरी त्याची आई अन्नपूर्णाबाई, जिला सगळी गल्ली काकू म्हणायची, आणि आठवा महिना लागलेली बायको इंदू.

दारात सरकारी माणूस बघून काकूंच्या कपाळावर आठ्या चढल्या होत्या. 'टेंभेकर' हे आडनाव ऐकल्यावर त्या उतरल्या.

"वर्ध्याचे? या न, बसा. इंदू, चाय टाक जरा." मग त्या समोर बसल्या आणि सगळं सांगत सुटल्या. "आठवडा होत आला हो ताप येतोय. परवा तबियत एकदम बिघडली. गल्लीत ॲम्ब्युलन्स येत नाही, तर पोरांनी स्ट्रेचरवर घालून मेन रोडपर्यंत नेला. मी मागून चालत होते. समोरून सांड आला, तो पण बाजूला झाला बघा." एवढं बोलून त्यांनी पदराने डोळे पुसले.

शरदने गच्ची पाहिली, मोरी पाहिली, कूलर पाहिला. दिनानाथ खरं बोलले होते, घर लख्ख होतं. मग त्याने विचारलं, "काकू, देवघर बघू?"

काकूंनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "पाय धुऊन या. शर्ट राहू दे आता, काय करणार."

देव्हारा रिकामा होता. शरदला क्षणभर काही उलगडेना. मग खाली कोपऱ्यात, जिथे उजेड पोचत नव्हता तिथे, त्याला स्टीलचं मोठं पातेलं दिसलं, काठोकाठ भरलेलं. घरातले सगळे देव त्यात बसवले होते. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, पिंडी, कुळाचे टाक. शरदला हसू आलं. त्याच्या मेडिकलच्या निकालाच्या वेळी आईनेही देव पाण्यात ठेवले होते आणि निकाल लागल्याशिवाय काढले नव्हते. त्याने गंमत म्हणून मोबाइलचा उजेड पाण्यावर टाकला, आणि बाळकृष्णाच्या डोक्यापाशी काहीतरी वळवळलं. मग पिंडीपाशी. मग सगळीकडे.

त्याचं हसू गेलं. "काकू, हे पाणी कधी बदललं होतं?"

"बदलायचं नसतं. कमी झालं की गंगेचं ताजं वरून घालायचं. काढायचं नाही. आमच्याकडे हीच रीत आहे."

"आणि वर झाकण?"

"वा! देवांना कोंडून घालायचं होय?"

"असे देव आणखी कुणाकडे ठेवलेत?"

"सगळ्याच घरी. ज्यांच्याकडे ताप आला त्यांनी तर ठेवलेच. वेणीमाधवला अस्पतालात नेला, तेव्हा बाकीच्यांनी पण ठेवले, त्याच्यासाठी. पावगींकडचा ताप केव्हाच गेला. पण म्हणाल्या, काकू, तुमचे देव निघतील तेव्हाच आमचे."

शरद पातेल्यापाशी उकिडवा बसून राहिला. घरात ताप आला की देव पाण्यात जात होते. त्या पाण्यात डास होत होते. ते डास शेजारच्या घरी ताप नेत होते, आणि मग तिथले देव पाण्यात जात होते. टाक्यांवर विटा ठेवणाऱ्या, कूलर पुसून कोरडे करणाऱ्या या लोकांनी एकच भांडं उघडं ठेवलं होतं, आणि तेही कुणी परका बघणार नाही अशा जागी. महिनाभर ज्याने नाकी नऊ आणले होते ते कोडं सुटलं होतं. शरदला आनंद झाला. खोटं कशाला बोला, झालाच.

त्याने काकूंना जवळ बोलावून उजेडात अळ्या दाखवल्या. काकू काही अडाणी नव्हत्या. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"माझ्या देवांच्या पाण्यात?"

"ह्यांचेच डास होतात, काकू. दोन-तीन दिवसांत उडायला लागतील. हे पाणी आज ओतलं पाहिजे."

"ते नाही व्हायचं."

"ओता आणि लगेच नवीन भरा."

"पाणी मोडलं की नवस मोडला. पोरगा तिथे मशीनला लावलाय आणि मी इथे नवस मोडू?"

"मग थोडं औषध टाकतो. देवांना काही होत नाही त्याने."

"देवांच्या अंगावर डास मारायचं औषध? ऐकतेस का ग, इंदू?" त्या उठून उभ्या राहिल्या. "हे बघा टेंभेकर, तुमच्या हातात दवाखाना आहे. माझ्या हातात एवढंच आहे. मी तुमच्या सलाइनला हात लावायला येते का?"

शरदने मग नको तो पत्ता टाकला. आवाज खाली आणून तो म्हणाला, "इंदूताई शेजारच्याच खोलीत झोपतात ना? या दिवसांत त्यांना डेंग्यू झाला तर दोन्ही जीव धोक्यात येतील."

काकू एकदम खाली बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मुलाला सोडू की सुनेला, असं विचारताय तुम्ही मला. असं नका विचारू हो. माझ्याकडे उत्तर नाही त्याला."

शरद फोन करायचं निमित्त काढून जिन्यात आला. त्याच्या हाताशी नियम होता. नोटीस काढता आली असती, पोलीस आणता आले असते. पण सरकारने देव बाहेर फेकले, अशी बोंब तासाभरात सगळ्या पक्क्या महालात, म्हणजे घाटांवरच्या त्या जुन्या वस्तीत, झाली असती, आणि पुढे कुठल्याही घराचं दार उघडलं नसतं. शिवाय एका घराने भागणार नव्हतं. गल्लीतले सगळे देव काकूंच्या देवांकडे बघून बसले होते, आणि काकूंचे देव वेणीमाधवच्या तापाकडे. तेव्हा निदान त्याची खबर घ्यावी, म्हणून त्याने इस्पितळात फोन लावला.

वॉर्डातल्या तरुण डॉक्टरने सांगितलं, "बुख़ार तो उतर गया सर, सुबह से नहीं है. पर पेट में बहुत दर्द है, पल्स मुझे ठीक नहीं लग रही. प्लेटलेट और गिरे हैं. अगले दो दिन देखना पड़ेगा."

डेंग्यूचं हे असंच असतं. ताप असतो तोवर माणूस कण्हतो, फणफणतो, घरचे जागतात, पण जिवाला तसा धोका कमी. ताप उतरतो, घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि ज्याचं बिघडायचं त्याचं तिथून बिघडायला लागतं. रक्तातलं पाणी आतल्या आत झिरपतं आणि रक्तदाब खाली खाली जातो. मेडिकलच्या पोराला हे पाठ असतं. शरदने तर गेल्याच आठवड्यात सगळ्या दवाखान्यांना तसा इशारा पाठवला होता.

तो फोन खिशात टाकून जरा वेळ जिन्यातच उभा राहिला. मग आत गेला.

"काकू, ताप उतरला."

"काय?"

"आत्ताच वॉर्डातल्या डॉक्टरांशी बोललो. सकाळपासून ताप नाही."

"खरंच? बिलकुल नाही?"

"बिलकुल नाही."

यात एक अक्षरही खोटं नव्हतं. शरदने तेवढी काळजी घेतली होती.

काकूंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि त्या हमसून हमसून रडल्या. इंदू दारात उभी होती, ती भिंतीला टेकून रडायला लागली. मग रडतच काकू उठल्या, हातपाय धुऊन आल्या, आणि एकेक देव पाण्यातून काढून, कोरड्या वस्त्राने पुसून देव्हाऱ्यात बसवू लागल्या. शरदने मान खाली घातली होती. पाणी गंगेत सोडायचं काकूंच्या मनात होतं. त्याने ते कडक उन्हात गच्चीवर ओतायला लावलं. देवांचं पाणी पायदळी नको म्हणून काकूंनी कठड्याच्या कोपऱ्यात ओतलं. फरशीवर अळ्या थोड्या वळवळल्या आणि वाळून गेल्या.

जाताना काकूंनी त्याच्या हातावर साखर ठेवली. "तोंड गोड करा. तुमच्या पायगुणाने झालं."

साखर खाण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं.

संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या सगळ्या मराठी घरांतले देव पाण्याबाहेर आले. काकूंनी स्वतः दारोदार निरोप दिला होता. दिनानाथांच्या माणसांनी घराघरांतून ओतलेलं पाणी तपासलं, आणि तिथल्या अळ्या बघून दिनानाथांनी कपाळाला हात लावला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मृत्यूंची यादी आली तेव्हा तीत वेणीमाधव मोघे हे नाव होतं. शॉक, अंतर्गत रक्तस्राव. शरदने ते वाचलं. जिल्ह्यातल्या प्रत्येक डेंग्यू-मृत्यूची छाननी करण्याचं काम त्याच्याकडेच होतं, तेव्हा त्याने वॉर्डातले कागद मागवून घेतले आणि बारकाईने तपासले. उपचारात कुचराई नव्हती. सलाइन वेळेवर दिलं होतं, रक्त दिलं होतं. पातेल्यातलं पाणी ओतण्याचा आणि या मरणाचा काडीचाही संबंध नव्हता, हे त्याच्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नसेल. तरी त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. मोघ्यांकडे भेटायला जायचं त्याने दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा काम काढलं.

गल्लीतला ताप पुढे दोनेक आठवडे रेंगाळला आणि मग थांबला. नकाशावर नवा ठिपका पडेना. लखनौच्या बैठकीत वरिष्ठांनी शरदचं तोंड भरून कौतुक केलं. 'स्थानिक लोकांच्या स्वेच्छेने व सहकार्याने' हे शब्द त्याने स्वतःच अहवालात लिहिले होते, आणि ते मोठ्याने वाचून दाखवले गेले तेव्हा तो समोरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत राहिला. इतर जिल्ह्यांनीही असंच करावं, असं ठरलं.

कार्तिक लागल्यावर फेरतपासणी आली. जिथे साथ आटोक्यात आली तिथे पुन्हा जाऊन बघायचं, असा नियम आहे. दिनानाथ म्हणाले, "सर, मोघेजी के यहाँ आप ही चलिए. अम्मा आपको पूछ रही थीं." आता टाळणं शक्य नव्हतं.

काकू निम्म्या झाल्या होत्या. गालफडं बसली होती, पातळ अंगावर लोंबत होतं. तरी त्यांनी त्याला या, बसा म्हटलं, आणि मग स्वतःच पुढे होऊन मोरी, गच्ची, देवघर, सगळं दाखवलं. "बघून घ्या. कुठे पाण्याचा थेंब साठू देत नाही मी." देव देव्हाऱ्यात होते, ताज्या फुलांत.

शरदने जे म्हणायचं असतं ते म्हटलं. काकूंनी मान हलवली. मग त्या म्हणाल्या, "एक विचारायचं होतं तुम्हाला. तुम्ही तेव्हा म्हणालात, ताप उतरला. तो खरंच उतरला होता न? का म्हातारीचं समाधान म्हणून?"

"खरंच उतरला होता."

"तेच." काकूंनी जणू मनाशीच हिशोब जुळवला. "मी नवस बोलले तेव्हा म्हटलं, पोराचा ताप उतरू दे. देवांनी उतरवला. त्यांचं काम झालं. पुढचं मी मागितलंच नाही हो. पोरगा घरी येऊ दे, एवढं म्हणायला काय जीभ झडली होती माझी? आणि तुम्ही सांगितल्याबरोबर फौरन काढले. लोकांना पण काढायला लावले. दोन दिवस थांबले असते तर आला असता तो घरी."

"तसं काही नसतं, काकू," शरद म्हणाला. डॉक्टर लोक ज्या सुरात हे वाक्य म्हणतात त्याच सुरात.

"हो न," काकू म्हणाल्या. त्यांना ते जराही पटलेलं नव्हतं.

तो निघाला. जिना अर्धा उतरला असेल, तेवढ्यात वरून इंदूने हाक मारली. दिवस अगदी भरत आल्यामुळे ती भिंतीला धरून, एकेक पायरी सांभाळत खाली आली. ती जबलपूरची. बोलता बोलता तिचं मराठी हिंदीत जाई.

"डॉक्टरसाहेब, वॉर्डातल्या नर्सने मला सांगितलं. डेंगू में बुख़ार उतरने के बाद ही ख़तरा होता है. नर्सला माहीत आहे, तर तुम्हाला माहीत असणारच."

शरदने नजर पायऱ्यांवर वळवली.

"माहीत होतं न?"

"होतं."

"मला झाला नाही डेंगू. ते पाणी ओतलं म्हणून झाला नसेल, इतना तो मैं समझती हूँ. तुम्ही बरोबर केलंत की नाही, हे मला ठरवायचं नाही. आत्ता तर ताक़त पण नाही तेवढी." तिने दम घेतला. "पण आई जेवत नाहीत. बारावं-तेरावं झालं, तेव्हापासून नुसत्या दुधावर आहेत. म्हणतात, पाप माझ्या हातून झालंय, अन्न कुठल्या तोंडाने खाऊ. मैंने बहुत समझाया. मी सुनेच्या नात्याने काय सांगणार? मरून जातील त्या. तुम्ही सांगा त्यांना."

"मी म्हणालो की त्यांना, तसं काही नसतं."

"वो नहीं," इंदू म्हणाली. "जे आहे ते सांगा."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे शरदला पळवाट सापडेना. त्याच्या मनात पहिला विचार आला तो पुढच्या पावसाळ्याचा. काकूंना हे कळलं की संध्याकाळपर्यंत गल्लीला कळणार, आणि मग आपल्या माणसांना इथे कुणी उंबरठा ओलांडू देणार नाही. पुढच्या वर्षी ताप आला तर तो दडवला जाईल. एका बाईच्या मनाच्या शांतीसाठी एवढ्या घरांवरची नजर घालवायची का, असा तो रीतसर सवाल होता, आणि त्याचं रीतसर उत्तर शरदला तोंडपाठ होतं. वर खोलीत एक बाई उपाशी बसली होती. तो वळला आणि जिना चढू लागला.

काकू तिथेच, देवघराच्या दाराशी बसल्या होत्या. शरद त्यांच्यासमोर जमिनीवर बसला.

"काकू, मघाशी मी अर्धंच सांगितलं. ताप उतरला होता हे खरं. पण या आजारात ताप उतरला की धोका टळत नाही, तिथून सुरू होतो. सगळ्या डॉक्टरांना ठाऊक असतं हे. त्या दिवशी त्याची नाडी ठीक नव्हती, पोट दुखत होतं. तेही मला फोनवर सांगितलं होतं. मी तुम्हाला फक्त तापाचं सांगितलं, कारण मला ते पाणी ओतून हवं होतं. देव पाण्यात राहिले असते तरी जे झालं तेच झालं असतं. तुमच्या हातून काही झालेलं नाही. जे केलं ते मी केलं."

काकू त्याच्याकडे टक लावून बघत होत्या. इंदू दारात येऊन उभी राहिली होती.

"म्हणजे तो बरा नाही, हे माहीत होतं तुम्हाला."

"हो."

"आणि मी इथे देव पुसत होते. साखर वाटत होते."

"हो."

"तुम्ही खाल्लीत ती साखर."

"खाल्ली."

काकूंचा चेहरा हळूहळू लाल झाला. महिनाभरात त्या चेहऱ्यावर रक्त आलेलं इंदूने पाहिलं नव्हतं. "फसवलंत मला," त्या म्हणाल्या. "घरात घेतलं, आपला माणूस म्हटलं, देवघरात नेलं. आणि माझ्या पोराच्या जिवावर मला फसवलंत. मी महिनाभर ह्यांच्या पाया पडतेय इथे. चुकले, चुकले म्हणून नाक घासतेय. माझं चुकलंच नव्हतं!"

"नव्हतं, काकू."

"काकू म्हणू नका मला."

सांगायचं होतं ते सगळं सांगून झालं होतं, आणि माफी मागावी तर ती कुठल्या तोंडाने मागायची, हे शरदला कळत नव्हतं. काकू देव्हाऱ्याकडे तोंड करून बसल्या. त्यांचे खांदे हलत होते. मग त्यांनी पदराने तोंड खसखसून पुसलं.

"इंदू, भात आहे का ग?"

इंदू एकदम सरळ झाली. "आहे, आई. वरण पण आहे. गरम करू?"

"असू दे गारच. वाढ."

इंदू जमेल तितक्या घाईने आत गेली. भांड्यांचा आवाज झाला. तिने काकूंसमोर पाट मांडला, ताट ठेवलं, वरणभात वाढला, वर तूप घातलं. काकूंनी ताटाला हात जोडले, घास कालवला, उचलला, आणि हात तोंडाशी नेता नेता त्यांची नजर शरदवर गेली.

"अजून बसलात?"

शरद उठला.